२०१२ च्या व्हॅनचं पासिंग: दरवर्षी भरवसा धरता येतो का?

प्रश्न आहे चिपळूणच्या एका बेकरीवाल्यांचा. बंद बॉडीची डिझेल व्हॅन, मॉडेल २०१२, पिवळी पाटी. पाव-बटर, खारी, टोस्ट घेऊन गाडी रोज आसपासच्या गावांत फिरते. जुलै २०२१ च्या पुरात ती सीटपर्यंत बुडाली होती. गेल्या वर्षी पहिल्या फेरीत नापास झाली, ब्रेकचं काम करून दुसऱ्या फेरीत पास झाली. यंदाचं पासिंग सहा आठवड्यांवर आलंय. मित्रमंडळी म्हणतात, विकून मोकळे व्हा. बेकरीवाल्यांना जाणून घ्यायचंय की एवढी जुनी व्हॅन दरवर्षी भरवशाने पास होते का, की हा दरवर्षीचा जुगार आहे.

होते. कोल्हापुरात गॅरेज टाकून मला तीस वर्षं होत आली. घाटावरच्या आणि कोकणातल्या, दोन्हीकडच्या गाड्या माझ्याकडे येतात. पंधरा वर्षं ओलांडलेली व्हॅन दरवर्षी पहिल्याच फेरीत पास होताना मी पाहिली आहे, आणि सहा वर्षांची, बाहेरून चकाचक गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर (खालून तपासायच्या जागेवर) घेतल्यावर हात लावायच्या लायकीची नसलेलीही पाहिली आहे. गाडी किती सालची, यापेक्षा तिनं काय वाहिलं, ती रात्री कुठे उभी राहिली आणि तिच्या खाली वर्षातून किती वेळा कोणी वाकून पाहिलं, यावर पासिंग ठरतं.

आधी नियमाचं एवढं ध्यानात घ्या. व्यवसायाची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तिचा योग्यता दाखला, म्हणजे पासिंग झाल्यावर मिळणारा कागद, दोन-दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर एक-एक वर्षाचा. त्यामुळे तुमची गाडी २०२० पासून तरी वर्षाच्या पासिंगवर आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे, दाखला नसलेली व्यवसायाची गाडी रीतसर नोंदणी असलेली धरलीच जात नाही. म्हणजे मुदत संपल्यावर ‘दोन दिवस चालवली तर काय होतंय’ असं म्हणून काढलेली गाडी कायद्याच्या लेखी बिननोंदणीची आहे, आणि त्या दोन दिवसांत अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. सहा आठवडे हातात असताना विचारलंत, हे फार बरं केलंत. माझ्याकडे बहुतेक लोक चार दिवस आधी येतात. चार दिवसांत रंग लावून होतो, दुरुस्ती होत नाही.

तपासणी कुठे होणार, तेही आधी पाहून घ्या. ज्या जिल्ह्यात यंत्रावर तपासणी करणारं केंद्र सुरू झालंय तिथे गाडी रोलरवर चढते आणि आकडे यंत्र काढतं. नाशिकला असं केंद्र बऱ्याच वर्षांपासून आहे. बाकी ठिकाणी मोटार वाहन निरीक्षक स्वतः गाडी पाहतो आणि ब्रेक ट्रॅकवर चालवून घेतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आरटीओंना २५० मीटरचे ट्रॅक करावे लागले ते यासाठीच. माणूस तपासतो तेव्हा एखादी गोष्ट नजरेतून सुटू शकते. रोलरवर डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजला जातो, तिथे काही लपत नाही. मी गाडी तयार करतो ती रोलरवर जाणार आहे असं समजूनच.

आता मुख्य गोष्ट. जुन्या व्हॅनला खरोखर संपवणाऱ्या गोष्टी दोनच: सांगाड्याचा गंज आणि दुर्लक्षित ब्रेक. बाकी सगळं म्हणजे बल्ब, वायपर, आरसे, टेप, धूर, टायर. त्याला पैसे लागतात, पण गाडी जगते. म्हणून तुम्ही ‘इंजिन अजून एक नंबर आहे’ असं सांगता तेव्हा मला फारसा दिलासा वाटत नाही. इंजिन उत्तम आणि खालचा पत्रा गेलेला, अशा किती तरी व्हॅन मी भंगारात जाताना पाहिल्या आहेत.

व्हॅनचा पत्रा मोटारीपेक्षा लवकर का जातो, ते समजून घ्या म्हणजे शोधायचं कुठे ते कळेल. ओम्नी-इकोसारख्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी जाड चासी नसते. तळाचा पत्रा, त्याला वेल्ड केलेल्या पोकळ पेट्या आणि आडव्या पट्ट्या मिळूनच सांगाडा होतो. मोठ्या बंद व्हॅनमध्येही अशा पोकळ पेट्यांवर बराच भार असतो. या पेट्यांना खाली पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती चिखलानं बुजली की पेटी आतून ओली राहते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर पहिला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा अर्धा खाऊन झालेला असतो.

कोकणात हे दुप्पट वेगानं होतं. चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने खारी, दमट हवा. एकदा किनाऱ्यावरून मासळी वाहणारी एक व्हॅन माझ्याकडे आली. मालकानं नुकताच रंग मारून आणला होता, खालूनही काळा रंग फासला होता. बर्फ वितळून खारं पाणी रोज मागच्या तळातून झिरपत होतं. मी मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ छोट्या हातोडीनं टकटक केली, तर ‘टण’ आवाजाऐवजी ‘भद’ आवाज आला. तिसऱ्या ठोक्याला हातोडी आत गेली. पाट्याचा मागचा सगळा भार त्या हँगरवर होता, आणि गाडी तशीच टनभर माल घेऊन आंबा घाट चढून आली होती. मालकाला खाली बोलावून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला, कारण त्या गाडीतून त्यांचा मुलगा रोज पहाटे जात असे.

तुमची गाडी मासळी वाहत नाही, ही जमेची बाजू. पण ती पुरात बुडालेली आहे, आणि त्याचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. आमच्याकडे २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरानंतर शेकडो गाड्या गॅरेजांत आल्या. त्या वेळी सगळ्यांनी इंजिन ऑइल बदललं, सीट धुतल्या, वायरिंग वाळवलं, गाडी सुरू केली. पोकळ पेट्यांत बसलेला गाळ मात्र फार थोड्यांनी काढला. नदीचा तो बारीक गाळ वाळतो, पावसाळ्यात पुन्हा पाणी पितो आणि पत्र्याला वर्षभर ओली पट्टी बांधल्यासारखा चिकटून राहतो. पूर ओसरल्यावर तीन-चार वर्षांनी त्याचा परिणाम दिसू लागतो. तुमची गाडी नेमकी त्या टप्प्यात आहे. गेल्या वर्षी फक्त ब्रेकवर नापास झाली म्हणून खालचा पत्रा चांगला आहे, असं धरून चालू नका.

तपासायची पद्धत सोपी आहे. मागचा रबरी मॅट आणि त्याखालची फळी उचला. पावाच्या क्रेट सरकवून सरकवून तिथला रंग गेलेला असतोच. दरवाज्याखालची पट्टी, पाय ठेवायची पायरी, मागच्या चाकांवरची मडगार्डची आतली बाजू, पाट्यांचे पुढचे-मागचे हँगर, डिझेल टाकीचे पट्टे, आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तो भाग पाहा. प्रत्येक ठिकाणी हलक्या हातोडीनं ठोका, आवाज ऐका, आणि पेचकसानं टोचून पाहा. वरवरचा तांबूस गंज घाबरण्यासारखा नाही. तारेच्या ब्रशनं घासून प्राइमर मारला की थांबतो. पापुद्रे सुटणारा, बोटानं चुरा होणारा पत्रा असेल तर तो कापायला हवा.

कापायला हवा, असं मुद्दाम म्हणतोय. गंजलेल्या पत्र्यावर नवा तुकडा ठेवून चार टाके मारणारे वेल्डर गल्लोगल्ली आहेत. ते ठिगळ पासिंगच्या दिवशी छान दिसतं. आतला गंज मात्र वाढतच राहतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचा उरलासुरला रंगही जळालेला असतो. पुढच्या वर्षी ठिगळाच्या कडेनं गाडी फाटते. चांगलं काम म्हणजे जिवंत पत्रा लागेपर्यंत कापणं, मूळ जाडीचा पत्रा घडवून सलग वेल्ड करणं, आणि नंतर आतून-बाहेरून गंजरोधक मारणं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढायला लावा, आणि टाकी जवळ असेल तर टाकी उतरवायला लावा. कंटाळा करणाऱ्या वेल्डरकडे गाडी ठेवू नका. आणि खालचा काळा रंग वेल्डिंग तपासून झाल्यावरच मारू द्या. काळा रंग आधी मारलेली गाडी मी परत घासायला लावतो.

कोकणातल्या गाड्यांचं आणखी एक दुखणं म्हणजे चासी नंबर. निरीक्षक नोंदणीच्या कागदावरचा नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहतो, त्याचा छाप घेतो. गंजानं एखादा आकडा खाल्ला तर उरलेली गाडी सोन्याची असली तरी काम अडतं. आजच तो नंबर शोधा. ब्रशनं हलक्या हातानं साफ करा, ग्राइंडर अजिबात लावू नका, वर ग्रीसचा हात फिरवून ठेवा. आकडा पुसट झाला असेल तर स्वतः पंच मारून तो ‘ठळक’ करायच्या भानगडीत पडू नका. तो नंबराशी छेडछाड केल्याचा गुन्हा ठरतो. आरटीओत अर्ज करूनच त्यातून मार्ग काढायचा.

आता ब्रेक. गेल्या वर्षी तुमच्या गाडीचे मागचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) बदलले आणि ती पास झाली, असं तुम्ही सांगता. मग यंदाही ब्रेक ठीक असणार, असा तुमचा हिशेब आहे. माझा अनुभव वेगळा आहे. लायनर हा ब्रेकचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी बदलला जाणारा भाग, म्हणून मिस्त्री तिथेच थांबतो. लायनर खराब का झाले, ते कोणी पाहत नाही. व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल झिरपत असेल, किंवा मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगचं सील जाऊन गिअर ऑइल ड्रममध्ये येत असेल, तर नवे लायनरही काही महिन्यांत तेलकट होतात. मग एका बाजूचं चाक धरतं आणि दुसरं सरकतं. रिकाम्या गाडीत, गावातल्या वेगात, ते तुम्हाला जाणवणार नाही. रोलरवर लगेच कळेल. आणि कुंभार्ली घाटात, ओल्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीत कळेल, पण तेव्हा कळून उपयोग नसतो.

म्हणून मागचे दोन्ही ड्रम उतरवायला लावा आणि स्वतः समोर उभे राहा. सिलिंडरचं रबरी टोपण बोटानं उचलून पाहिलं तर आत ओल दिसते की नाही, ते तुम्हालाही कळेल. ओल असेल तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकदम बदला. एकच बदलला तर डावं-उजवं बिघडतं. ड्रमला आतून कड आली असेल किंवा तो अंडाकृती झाला असेल तर लेथवर फिरवून घ्या, पण ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा असतो, त्यापुढे नाही. पुढच्या डिस्कचे कॅलिपर त्यांच्या पिनांवर मोकळे सरकतात का, ते पाहा. पुरात बुडालेल्या गाडीत या पिना आणि पिस्टन गंजून अडकतात, आणि एकाच बाजूचं पॅड झिजत जातं. दोन्ही बाजूंचे पॅड शेजारी ठेवून पाहिलं की हे लगेच लक्षात येतं.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? आठवत नसेल तर बदला. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणच्या दमट हवेत जास्तच. त्यातल्या पाण्यानं आतून पाइप आणि सिलिंडर गंजतात, आणि घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल मऊ पडतं. दोन वर्षांतून एकदा सगळं ऑइल काढून नवं भरणं आणि चारही चाकांची एअर काढणं, हे मोठ्या खर्चाचं काम नाही. लोखंडी ब्रेक पाइप क्लिपखाली पाहा. क्लिपमध्ये चिखल धरतो, तिथेच पाइप सडतो. रबरी होज वाकवून पाहा; बारीक भेगा दिसल्या तर बदला.

मालाच्या बऱ्याच गाड्यांना मागच्या अॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. भार पाहून मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा, ते तो ठरवतो. त्याची दांडी गंजून एका जागी अडकली की मागचा ब्रेक एकतर कायम कमी लागतो, नाहीतर रिकाम्या गाडीत मागची चाकं जाम होतात. मिस्त्री ब्रेकचं बाकी सगळं नवं टाकतात आणि याकडे पाहत नाहीत. मग ‘सगळं बदललं तरी नापास झाली’ म्हणून गाडीला दोष देतात. तुमच्या गाडीला हा व्हॉल्व्ह असेल तर दांडी हातानं हलवून पाहायला सांगा. हँडब्रेकची केबलही अशीच. वर्षभर कोणी ओढत नाही, गिअरमध्ये टाकून गाडी उभी करतात, आणि पासिंगच्या दिवशी केबल आत चिकटलेली निघते. रोज वापरा, ती चालू राहते.

धुराबद्दल तुम्ही काळजी व्यक्त केली आहे. २०१२ ची म्हणजे भारत स्टेज तीनची (धुराच्या सरकारी मानकाचा तिसरा टप्पा) डिझेल गाडी. तिच्या धुराची मर्यादा स्टेज चारच्या गाडीपेक्षा सैल आहे: पीयूसीच्या कागदावरचा प्रकाश शोषणाचा आकडा २.४५ च्या आत हवा. स्टेज चारला तो १.६२ आहे. ठीक राखलेलं इंजिन यात आरामात बसतं. बसत नसेल तर पहिला संशय एअर क्लीनरवर घ्या. तुमच्या गाडीत मैदा आणि धूळ दोन्ही उडतं. मग नोझल. पंपवाल्याकडे चारही नोझल दाब लावून तपासून घ्या. एखादं फवारण्याऐवजी थेंब टाकत असतं आणि काळा धूर सोडत असतं. टर्बो असेल तर त्याच्या रबरी पाइपला चीर गेली आहे का, ते पाहा. मोजणीला जाताना इंजिन चांगलं तापलेलं असू द्या, पंधरा-वीस किलोमीटर चालवूनच जा. थंड इंजिनावर घेतलेला आकडा नेहमी जास्त येतो. डिझेलमध्ये कसलीशी बाटली ओतून धूर कमी होतो, असं सांगणारे भेटतील. पैसे नोझलवर घाला.

स्टिअरिंग आणि पुढचं काम: पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. वर-खाली हललं तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. फक्त डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉडचे एंड. पुरात गेलेल्या गाडीच्या बेअरिंगमध्ये ग्रीस धुऊन गेलेलं असतं. तेव्हा बदललं नसेल तर आता उघडून पाहाच.

टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. पण व्हॅनमध्ये मी नक्षीपेक्षा बाजूची भिंत आधी पाहतो. कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर झिजायच्या आधी तडकतात. भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा-सात वर्षांच्या पुढे गेलेला, भेगा पडलेला टायर पुढच्या चाकाला ठेवू नका, नक्षी कितीही असो.

दिवे, टेप, कागद यांत दमायचं कारण नाही, पण पहिल्या फेरीत गाड्या परत येतात त्या बऱ्याचदा याच फुटकळ गोष्टींवर. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर घासून घ्या, फोकस भिंतीवर जुळवून घ्या. मूळ बल्बच्या जागी बाजारातले पांढरेफेक एलईडी टाकले असतील तर काढा; त्यांचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि यंत्रावर फोकसची रेषही नीट मिळत नाही. रिफ्लेक्टिव्ह टेप पुढे पांढरा, मागे लाल, बाजूला पिवळा, तोही मान्यताप्राप्त. दारावर रंगवलेलं मालकाचं नाव आणि वजन पुसट झालं असेल तर पुन्हा लिहून घ्या. पुढे लोखंडी गार्ड लावलेला असेल तर उतरवा. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवून घेणं आलंच. वेग नियंत्रक तुमच्या गाडीला लागू असेल तर तो चालू हवा आणि त्याचा दाखलाही जवळ हवा. विमा, पीयूसी, कर, आठ वर्षांनंतरचा पर्यावरण कर आणि थकलेली ई-चलनं हे सगळं तारीख घेण्याआधी निस्तरा. शुल्क गाडीच्या वयाप्रमाणे चढत गेलंय, तेव्हा जुन्या पावतीवर विसंबू नका. अर्ज भरताना पोर्टलवर दिसेल तो आकडा खरा.

आता थोडं कडक बोलतो. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: ‘पासिंगपुरतं काय काय करावं लागेल?’ हा शब्द मी माझ्या गॅरेजमध्ये कोणाला उच्चारू देत नाही. पासिंगपुरते टायर भाड्यानं आणून लावणारे, तपासणी झाली की त्याच संध्याकाळी परत गुळगुळीत टायर चढवणारे मालक मी पाहिले आहेत. पासिंगपुरता ब्रेक घट्ट करून, नंतर ‘चाक तापतंय’ म्हणून सैल करून घेणारेही पाहिले आहेत. गाडी न नेताच काम करून देतो, असं सांगणारा माणूस तुम्हालाही भेटेल. त्याला चहाही पाजू नका. निरीक्षक तुमची गाडी वर्षात एकदा, थोडा वेळ पाहतो. उरलेले सगळे दिवस त्या गाडीत तुम्ही किंवा तुमचा ड्रायव्हर बसतो, आणि पहाटे साडेपाचला ती शाळा, एसटी स्टँड, दूधवाले यांच्यामधून जाते. एका ओळखीच्या मालकाच्या गाडीला पासिंग होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच उतारावर ब्रेक पाइप फुटला. समोर भाताचं मोकळं खाचर होतं म्हणून माणूस वाचला. ते पाइप मी त्याला आधीच बदलायला सांगितले होते. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं तो म्हणाला होता आणि मी आग्रह धरला नाही. तेव्हापासून मी आग्रह धरतो.

माझ्याकडे कोल्हापुरातल्याच एका भाजीवाल्या काकांची ओम्नी येते. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, त्यांची गाडी त्याच्याही कितीतरी आधीची. तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात शाळेची दोनशे पानी वही आहे. ऑइल, ब्रेक ऑइल, लायनर, टायर, प्रत्येकाची तारीख आणि किलोमीटर त्यात आहे. दर पावसाळा संपला की घटस्थापनेच्या आधी ते गाडी खालून धुऊन आणतात, पेट्यांची भोकं तारेनं मोकळी करून घेतात आणि आत वापरलेलं ऑइल नव्हे तर चांगलं गंजरोधक मारून घेतात. त्यांचं पासिंग माझ्या लेखी अर्ध्या दिवसाचं काम असतं. गाडी वयानं तुमच्या गाडीपेक्षा मोठी आहे.

विकावी का, याचं उत्तर खालचा पत्रा पाहिल्याशिवाय मी देणार नाही. मोजायची पद्धत मात्र सांगतो. ब्रेक, टायर, नोझल, बेअरिंग असा कितीही खर्च निघाला तरी तो करा; हे भाग नवे टाकले की काही वर्षं पुढे पाहावं लागत नाही, आणि दुसरी जुनी गाडी घेतलीत तर हाच खर्च तिच्यावरही करावा लागणार आहे, फक्त तिचा इतिहास तुम्हाला माहीत नसेल. पत्रा एक-दोन ठिकाणी गेला असेल, म्हणजे पायरी किंवा मडगार्ड, तरीही ठेवा. पण दोन्ही बाजूंच्या मुख्य पेट्या, पाट्याचे हँगर आणि स्टिअरिंगची जागा, यांतल्या दोन गोष्टी सडलेल्या निघाल्या तर मी तिच्यात पैसे घालायला सांगणार नाही. तशी गाडी वेल्डिंग करून यंदा पास होईल, पुढच्या वर्षी शेजारची जागा फाटेल. आणि तशी असेल तर ती रंगवून दुसऱ्याच्या गळ्यातही मारू नका. नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन नोंदणी रीतसर रद्द करून घ्या.

सहा आठवडे असे वापरा. या आठवड्यात कागद तपासा आणि चासी नंबर पाहा. पुढच्या आठवड्यात गाडी खड्ड्यावर घ्या, चिपळुणात ओळखीचा मिस्त्री असेल तर त्याच्याकडे, नाहीतर माझ्याकडे. पत्र्याचं काम निघालं तर त्याला दोन आठवडे धरा, कारण ते घाईत करून घ्यायचं नाही. ब्रेकचं काम पत्र्यानंतर, धूर आणि दिवे सगळ्यात शेवटी. तपासणीच्या आधीचे आठ दिवस गाडी नेहमीसारखी, भरलेली, रोजच्या फेरीवर चालवा. नवे लायनर ड्रमला बसायला तेवढे दिवस लागतात, आणि काही चुकलं असेल तर ते तेव्हाच बाहेर येतं.

माझ्याकडे येणार असाल तर सकाळी आठला या, तेव्हा खड्डा मोकळा असतो. आणि एक विनंती: येण्याआधी गाडी खालून धुऊ नका. चिखल कुठे साचून राहतो, ते मला आहे तसंच पाहायचं आहे.